लपायला जागा पुष्कळ आहे

व्हँकूवर, वॉशिंग्टन राज्य
१६ सप्टेंबर

प्रिय सुध्या,

इकडच्या रानात असतो म्हणतात त्या केसाळ, दोन पायांच्या बिगफूटबद्दल रविवारी फोनवर ओमने विचारलं, "काका, बिगफूट साडेसात फूट उंच आहे ना, मग तो लपतो कुठे?" मी म्हटलं, "अरे, जंगल फार मोठं आहे इकडचं." मागून तुझं हसणं ऐकू आलं मला. पोराला टोलवला, असंच ना? मान्य. पण फोन ठेवल्यावर माझं मलाच लागलं. इतकी वर्षं ह्या जंगलाच्या उंबऱ्यावर राहतोय आणि दहा वर्षांच्या पोराला धड उत्तर देता येऊ नये? म्हणून हे पत्र. लांबणार आहे. दारं धरायला गेला असशील तर तिथेच बांधावर बसून वाच.

आमच्या पूर्वेला लागूनच स्कमेनिया काउंटी आहे. तिथल्या कारभाऱ्यांनी १९६९ साली ठराव केला की बिगफूटला मारणं हा गुन्हा. दंड १०,००० डॉलर आणि पाच वर्षं कैद. ठरावाची तारीख १ एप्रिल! पण कारण अगदी व्यवहारी होतं. बंदुका घेऊन हौशे-नवशे रानात घुसायला लागले होते, आणि उंच, केसाळ दिसेल त्याच्यावर गोळी झाडायची ठरवली की आधी कुणी दाढीवालाच मरायचा. पुढे १९८४ मध्ये शिक्षा सौम्य केली, पण प्रकरण अजून कागदावर आहे. आपल्याकडे ग्रामपंचायतीने हडळीला संरक्षण दिल्यासारखं.

तर लपण्याबद्दल. ऑगस्टच्या शेवटी मी आणि मृणाल गिफर्ड पिंचो जंगलात गेलो होतो. सव्वापाच हजार चौरस किलोमीटरच्या वर पसरलंय ते. लुईस नदीच्या काठाने पायवाट आहे, तिच्यावर मृणाल पुढे, मी मागे. तिच्या अंगात लाल जॅकेट, आपल्या एसटीसारखं लालभडक. बुटाची नाडी सुटली म्हणून मी वाकलो. उठून बघतो तर बाई गायब. हाक मारली. "इथेच आहे की!" आवाज आला तो वीसेक पावलांवरून. वळणबिळण काही नव्हतं. दोघांच्या कवेत मावणार नाहीत असे डग्लस फरचे बुंधे, कमरेएवढे नेचे, आणि मधे माझ्या छातीला लागेल असं एक आडवं पडलेलं झाड, त्याच्या अंगावर पुन्हा नवी झाडं उगवलेली. भर दुपारी, लाल जॅकेट, वीस पावलं, आणि मला दिसेना. खाली शेवाळ तर असं की ओल्या गादीवर चालतोय. तिच्या पावलांचा आवाजही नाही.

तेव्हाच मला वाटलं, ओम, इथे लपायला कसलीच विद्या लागत नाही. हलायचं नाही, बस. त्यात माणसं पायवाट सोडत नाहीत, आणि अस्वलाने बिचकून अंगावर येऊ नये म्हणून मोठमोठ्याने बोलत चालतात. कुणाला आमच्यापासून लपायचं असेल तर आम्ही त्याला अर्धा मैल आधी वर्दी देतो.

तू आता हाडांचं काढशील. जिवंत नाही तर मेलेला तरी सापडायला हवा. इथले बिगफूटवाले ह्याला जे उत्तर देतात ते मला पटतं, उगाच कशाला खोटं बोलू. ह्या एका राज्यात वीस हजारांवर काळी अस्वलं आहेत, पण जन्मभर रानात हिंडलेल्या माणसाला विचार, आपसूक मेलेल्या अस्वलाचा सांगाडा किती वेळा पाहिलास म्हणून. बहुतेक जण एकदाही नाही म्हणतील. आजारी जनावर आडोसा धरून मरतं, कोल्हे-कावळे मांस नेतात, माती आंबट आणि सदा ओली, आणि उरलेली हाडं साळिंदरं नि उंदीर दातांनी कुरतडून संपवतात.

आणि "अजून सापडला नाही म्हणजे नाहीच" असं छातीठोक म्हणायचीही सोय नाही. हंबोल्ट मार्टेन म्हणून मुंगसासारखा प्राणी आहे, उत्तर कॅलिफोर्नियातला. तो संपला असं धरून चालले होते. १९९६ साली पुन्हा सापडला. आपला रानपिंगळा तर ११३ वर्षं गायब होता, १९९७ मध्ये शहाद्याजवळ दिसला. तोही दिवसाढवळ्या फिरणारा!

इथपर्यंत मी बिगफूटच्या बाजूने आहे. पुढे गाडी अडते, आणि कुठे अडते ते मला इथल्या जंगलाने कमी आणि इशीच्या गोष्टीने जास्त शिकवलं.

ही खरी गोष्ट आहे, ओमला सावकाश सांग. उत्तर कॅलिफोर्नियात लासन पर्वताच्या पायथ्याला याही नावाचे आदिवासी राहायचे. १८६० च्या दशकात गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्यांच्या कत्तली केल्या. जे मूठभर वाचले ते डोंगरातल्या ओढ्यांच्या घळींत शिरले आणि जवळजवळ चाळीस वर्षं तिथेच लपून राहिले. चाळीस वर्षं, सुध्या! आजूबाजूला गुरंवाले, शिकारी, रस्ते, रेल्वे. मातीवर पाऊल उमटू नये म्हणून दगडावरून दगडावर जायचे. उमटलंच तर त्यावर पाला पसरायचा. काटेरी झुडपांच्या जाळीखालून रांगत जायचं, फांदी तोडायची नाही, कारण तोडलेली फांदी बोलते. धूर वर जाऊ नये एवढीच चूल. शेवटी शेवटी चार माणसं उरली होती, त्यातला एक इशी. १९०८ मध्ये मोजणीवाल्यांची एक तुकडी त्यांच्या झोपड्यांवर येऊन धडकली. इशीची म्हातारी आई आजारी होती, पळता येईना, घोंगड्यात गुंडाळून पडलेली. त्या लोकांनी तिला हात लावला नाही, पण घरातली हत्यारं, भांडी, कातडी आठवण म्हणून उचलून नेली. आठवण म्हणून! तीन वर्षांनी, ऑगस्ट १९११ मध्ये, इशी एकटाच ओरोव्हिल गावाजवळच्या एका कत्तलखान्यात आला. उपाशी होता. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात राहिला आणि १९१६ मध्ये क्षयाने गेला. इशी हे काही त्याचं नाव नव्हे, त्याच्या भाषेत त्याचा अर्थ नुसता "माणूस". खरं नाव त्याने शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

पण मला जे म्हणायचंय ते पुढेच आहे. ती माणसं त्या घळींत आहेत हे आसपासच्या लोकांना ठाऊक होतं. दिसली नाहीत तरी. कारण रानातल्या रिकाम्या खोपट्यांतून पीठ जायचं, डबे जायचे. पाऊल पुसता येत होतं. भूक पुसता येईना.

असंच मेन राज्यात एक झालं. ख्रिस्तोफर नाइट नावाचा वीस वर्षांचा पोरगा १९८६ मध्ये गाडी सोडून जंगलात शिरला तो २०१३ पर्यंत तिथेच राहिला. सत्तावीस वर्षांत एका वाटसरूला एकदा "हाय" म्हटलं, एवढंच संभाषण. सर्वांत जवळची केबिन त्याच्या तंबूपासून काही मिनिटांच्या वाटेवर! शेकोटी कधी पेटवली नाही, बर्फ पडलं की वसंत येईपर्यंत बाहेर पडायचा नाही. तंबू कुणाला सापडला नाही, पण सुमारे हजार घरफोड्या त्याच्या नावावर जमा झाल्या, आणि सापडला तोही एका शिबिराच्या स्वयंपाकघरात चोरी करतानाच.

तुला हे नवीन नाही. तुमच्या जुन्नरात बिबट्या कुणाला दिसतो रे? नारायणगावच्या तुझ्या मळ्यात मी चार दिवस राहिलो, शेपूटही दिसलं नाही. पण चौथ्या दिवशी मोती साखळीसकट गेला आणि तुझ्या आईने चहा गाळता गाळता सांगितलं, "आलं होतं रात्री." मग ऊसतोड लागली की टोळीला सरीत बछडी सापडणार. शेजारच्या अकोले तालुक्यात संशोधकांनी कॅमेरे लावले तेव्हा शंभर चौरस किलोमीटरमागे पाचाच्या आसपास बिबटे निघाले, भर शेतांत, माणसांच्या गर्दीत. ती जात लपण्यात बिगफूटची गुरू शोभेल. पण तुम्ही हिशोब ठेवता तो दिसण्याचा नसतो. शेळी गेली, कुत्रं गेलं, त्यावरून.

मग ह्या तीनशे किलोच्या गड्याचा हिशोब कुठे आहे? आणि एकटा असून भागत नाही. पोरंबाळं व्हायची तर शेकड्याने हवेत. इथलं काळं अस्वल हिवाळ्याआधी दिवसाला २०,००० कॅलरीपर्यंत खातं, आणि मग महिनोन् महिने बिळात पडून राहतं. बिगफूट असा हिवाळाभर झोपतो असं त्याचे भक्तही म्हणत नाहीत. रेनियर पर्वतावर पॅराडाइज नावाची जागा आहे, तिथे वर्षाला सरासरी सोळा मीटर बर्फ पडतं. तिकडे मेनमध्ये बर्फ पडलं की नाइट गपचूप तंबूत बसायचा, कारण एक पाऊल टाकलं तरी वसंतापर्यंत साक्षीदार. ह्याला तर रोज चरायचंय. खाली दरीत उतरला तर सफरचंदाच्या बागा, कचऱ्याचे डबे, कोंबड्यांची खुराडी. अस्वलं तिथेच पकडली जातात. हमरस्त्यावर ट्रकखाली अस्वल येतं, एल्क येतं, कूगर येतो. हा कधीच कसा येत नाही? आणि कॅमेरे तर आता झाडाझाडाला आहेत. शंभर वर्षांत रेनियरवर पिलं न दिसलेली वुल्व्हरीन २०२० मध्ये दोन पिलांसकट कॅमेऱ्यात आली. तिच्याइतकं माणूसघाणं जनावर दुसरं नाही.

ह्या जंगलात माणूस मात्र खरोखर हरवलाय. १९७१ च्या नोव्हेंबरात डी. बी. कूपर म्हणवून घेणाऱ्याने विमान पळवलं, दोन लाख डॉलर घेतले आणि आमच्या ह्या भागावरून रात्री पावसात उडी मारली. आजतागायत पत्ता नाही. पण १९८० मध्ये आठ वर्षांच्या एका मुलाला कोलंबिया नदीच्या वाळूत त्यातले ५,८०० डॉलर मिळाले, आमच्या गावाच्या खालच्या अंगाला. ती जागा मी दाखवीन तू आलास की. ओमला जरूर घेऊन ये, वाळू उकरायला.

त्याच साली, १८ मे १९८० ला, सेंट हेलेन्स ज्वालामुखी फुटला. हा डोंगर म्हणजे बिगफूटचं माहेर. १९२४ मध्ये खाणकामगारांच्या खोपटावर "वानरांनी" रात्रभर दगडफेक केली ती त्याच्याच अंगावरच्या घळीत. एका सकाळीत जवळजवळ सहाशे चौरस किलोमीटर जंगल झोपलं. ५७ माणसं गेली. हरणं, एल्क, अस्वलं मिळून सात हजारांच्या आसपास मोठी जनावरं गेली असा अंदाज काढला. त्यात एकही केसाळ, दोन पायांचा नव्हता. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. मन अजून वळत नाही ती गोष्ट वेगळी. रात्री तंबूबाहेर काडी मोडली की मृणाल माझ्याकडे बघते आणि मी तिच्याकडे, आणि दोघांपैकी कुणी "हरीण" असं म्हणत नाही.

आता ओमच्या कामाचं. लुईसच्या काठावरून आम्ही सॉटूथच्या हकलबेरीच्या माळावर गेलो. आपली करवंदं लहान करून त्यात जांभळाचा रंग ओतावा तशी फळं. अर्ध्या तासात जिभा निळ्या. तिथला एक भाग १९३२ पासून याकामा आदिवासींसाठी राखीव आहे. ह्या मोसमात अख्खी कुटुंबं बादल्या घेऊन येतात. माळाच्या कडेला ओढ्याचा चिखल होता आणि चिखलात एक पाऊल. सुध्या, खरं सांगतो, पोटात धस्स झालं. टाच, तळवा, पाच बोटं. माझा बूट शेजारी ठेवला तर बूट लहान. मृणाल काही बोलली नाही, फक्त बादली खाली ठेवली.

मग चार पावलांवर शेण दिसलं, निळंजांभळं, आत हकलबेरीची सालं आणि बिया तशाच. तो जो कोण होता तो आमच्याच ताटात जेवून गेला होता.

गाडीत प्लास्टर होतं (का होतं ते विचारू नकोस). पिशवीत पाणी घालून इडलीच्या पिठाइतकं सरबरीत कालवलं, ठशात ओतलं, अर्धा तास डास मारत बसलो. १९५८ साली ब्लफ क्रीकला रस्त्याच्या कामावरच्या जेरी क्रूने असाच ठसा घेतला, पेपरात फोटो आला आणि "बिगफूट" नाव गावोगाव झालं. २००२ मध्ये त्या कामाचा कंत्राटदार रे वॉलेस वारला, तेव्हा घरच्यांनी लाकडी पावलांची जोडी काढून दाखवली. माझ्या ठशात लाकूड नाही, तेवढी खात्री बाळग.

इथल्या एका मित्राचे आईवडील पुढच्या महिन्यात पुण्याला परततायत, त्यांच्या बॅगेत टॉवेलात गुंडाळून पाठवतोय. टाचेकडचा एक टवका उडालाय, तो माझ्या हातून. ओमला कशाचा आहे ते सांगू नकोस. त्याला म्हणावं, आधी हा उजवा की डावा ते ठरव, आणि मग स्वतःचं पाऊल ओल्या मातीत उमटवून शेजारी ठेव. सगळ्यात मोठं बोट कुठल्या बाजूला आहे ते नीट बघ. मागच्या पावलाने पुढच्या पावलाच्या खुणेवर पाय दिला की ठसा किती लांब होतो तेही तुझ्या कुत्र्याला चिखलातून चालवून दाखव. नवीन कुत्रं आणलंस ना?

काकूंना नमस्कार. त्यांना सांग, इथेही "आलं होतं रात्री".

तुझा,
पम्या