पैसे देऊन लिहून घेतलं असेल, तर मतदाराला ते कळू द्या : राज्य निवडणूक आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. राज्य निवडणूक आयुक्त, महाराष्ट्र राज्य

महोदय, स.न.वि.वि.

मी घोडबंदर रोडला राहतो आणि ठाण्याच्या नागरी प्रश्नांवर ब्लॉग लिहितो. टँकरचं पाणी, सर्व्हिस रोड, दिवा भागातला कचरा, महापालिकेचा अर्थसंकल्प हे माझे विषय. ठाण्यात आणि नवी मुंबईत असे स्वतंत्रपणे लिहिणारे, व्हिडिओ करणारे बरेच आहेत. आपल्या प्रभागात काय चाललंय हे अनेकांना आता त्यांच्याकडूनच कळतं. 15 जानेवारी 2026 च्या महापालिका निवडणुकीत उमेदवारांच्या प्रचारयंत्रणा या मंडळींशी कशा वागल्या, ते आपल्या कानावर घालायचं आहे.

नवी मुंबईत 2015 नंतर आणि ठाण्यात 2017 नंतर हे पहिलंच मतदान. मधली काही वर्षं तर प्रशासकांचीच. लोकांकडे प्रश्न साचले होते. मी आमच्या प्रभागातल्या उमेदवारांना लेखी विचारलं : घोडबंदरचा सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात विलीन करायला तुमचा पाठिंबा आहे की विरोध? एकाचंही उत्तर आलं नाही. आलं ते एका प्रचारयंत्रणेचं ‘पॅकेज’. काही रील, दोन पोस्ट आणि एक ‘ग्राउंड रिपोर्ट’. मजकूर त्यांनीच लिहून पाठवला होता. पहिली ओळ अशी : ‘मी कुठल्याच पक्षाचा नाही, पण खरं ते बोललंच पाहिजे.’ त्याखाली सूचना : ‘पेड’, ‘कोलॅब’ असा उल्लेख कुठेही नको, आणि बिल ‘डिझायनिंग’ म्हणून द्यावं.

मी नाही म्हणून कळवलं. पुढच्याच आठवड्यात तीच ओळ, शब्दही न बदलता, शहरातल्या दुसऱ्या एका पेजवर ऐकली. ते पेज चालवणारा मुलगा मनापासून काम करतो. त्याचे तुंबलेल्या नाल्यांचे व्हिडिओ पाहून पालिकेची माणसं जागेवर आलेली मी पाहिली आहेत. पावसाळाभर त्याने कमावलेला लोकांचा विश्वास कुणीतरी प्रचारासाठी विकत घेतला आणि पाहणाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता, याचा मला राग आहे.

महाराष्ट्राला हा रोग नवा नाही. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत वर्तमानपत्रांतल्या पेड न्यूजवरून, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या प्रचारावरून, केवढा गदारोळ झाला होता. 2010 मध्ये प्रेस कौन्सिलने त्यावर अहवाल दिला. केंद्रीय निवडणूक आयोगाने 25 ऑक्टोबर 2013 ला सोशल मीडियासाठी सूचना काढल्या : उमेदवाराने आपली खाती प्रतिज्ञापत्रात जाहीर करायची, जाहिराती, मजकूर तयार करणं आणि त्यासाठीच्या माणसांचे पगार खर्चात दाखवायचे. चांगलंच आहे. पण प्रचाराचं काम घेणाऱ्या एजन्सीच्या नावाने एक आकडा दाखवला की त्यातले पैसे पुढे कोणत्या पेजला गेले, हे मतदाराला कसं कळायचं?

फेसबुकवर पक्षाने पैसे भरून जाहिरात चालवली, तर ती कुणाच्या पैशाने चालते ते तिथेच दिसतं. तेच पैसे एखाद्या पेजवाल्याच्या हातात ठेवले, की काहीच दिसत नाही. साबण किंवा फेस क्रीमची शिफारस पैसे घेऊन करणाऱ्याने तसं सांगितलंच पाहिजे, असा आज आपल्याकडे दंडक आहे. नगरसेवकाच्या शिफारशीला तो का नसावा?

अमेरिकेत 2004 मध्ये साउथ डकोटाच्या सिनेट निवडणुकीत एका उमेदवाराच्या प्रचारयंत्रणेने दोन ब्लॉगरना पैसे दिले होते. ते उघड झालं प्रचारखर्चाच्या नोंदींतून. म्हणजे हिशेबात नाव लिहिणं सक्तीचं असेल, तर उशिरा का होईना, वाचकाला कळतं.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगतो. यातून आम्हा लिहिणाऱ्यांवर नोंदणी, परवाना किंवा पूर्वपरवानगी लादू नका. कुणी पदरमोड करून एखाद्या उमेदवाराची बाजू घेत असेल, तर तो त्याचा हक्क आहे, मग ते लिखाण कितीही एकांगी असो. नोटिशीच्या भीतीने आधी गप्प बसतील ते प्रामाणिक लोकच. जबाबदारी पैसे देणाऱ्यावर टाका.

उमेदवाराच्या खर्चात चहा, वडापाव, मंडपाची खुर्ची यांचे दर धरून हिशेब होतो. त्याच बारकाईने पेज, चॅनेल, ब्लॉग यांना दिलेली प्रत्येक रक्कम नावानिशी लिहून घ्या, मग ती एजन्सीमार्फत गेलेली असो वा थेट. फोन, सहलीचं तिकीट किंवा पुढच्या कामाचं कंत्राट दिलं असेल, तर तेही. आणि पैसे घेऊन केलेल्या पोस्टवर ‘अमुक उमेदवाराच्या खर्चाने’ ही ओळ मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरात असावी. ती नसेल तर कारवाई उमेदवारावर व्हावी.

ठाणे आणि नवी मुंबईच्या उमेदवारांचे खर्चाचे हिशेब आपल्या यंत्रणेकडे येतात. त्यांतला सोशल मीडियाचा भाग पावत्यांसह संकेतस्थळावर टाकावा, ही माझी पहिली विनंती. ‘डिझायनिंग’च्या नावाखाली काय काय आहे, ते आम्ही नागरिक स्वतः तपासू.

आपला,
घोडबंदर रोडचा एक मतदार आणि ब्लॉगलेखक