पोषण आहाराचे लेखापरीक्षण वजनकाट्यापासून सुरू व्हावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शालेय पोषण आहाराचे लेखापरीक्षण जवळ आले की शाळाशाळांत दप्तर जुळवण्याची धावपळ उडते. साठा नोंदवही, चव नोंदवही (वाढण्याआधी अन्न चाखल्याची नोंद), हजेरीपट, भाजीपाला-इंधनाची बिले आणि पोर्टलवर रोज भरलेली लाभार्थी संख्या यांचा मेळ बसला की परीक्षण पार पडले, असे मानले जाते. पण हे सगळे कागद एकाच टेबलावर, बहुतेक वेळा एकाच हाताने लिहिलेले असतात. ते एकमेकांशी जुळणारच. पोत्यात तांदूळ किती आला आणि पातेल्यात किती पडला, हे त्यांतून कळत नाही.

योजनेचे प्रमाण स्पष्ट आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल; त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत. सहावी ते आठवीसाठी हेच प्रमाण १५०, ३०, ७५ आणि साडेसात ग्रॅम. धान्य पूर्णपणे केंद्राचे, भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामातून येणारे. शिजवण्याच्या साहित्याचा खर्च केंद्र आणि राज्य ६०:४० वाटून घेतात. १ मे २०२५ पासून तो प्राथमिकसाठी दरडोई ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकसाठी १० रुपये १७ पैसे ठरला. पैसा आता एकाच नोडल (मध्यवर्ती) खात्यातून आणि पीएफएमएस या सरकारी पैशाच्या ऑनलाइन हिशेब प्रणालीतून फिरतो, त्यामुळे त्याचा माग बराचसा लागतो. तांदळाचा माग मात्र टेम्पो शाळेच्या फाटकात शिरला की संपतो.

खरी गोम तिथेच आहे. ५० किलोच्या तागाच्या पोत्याचे स्वतःचे वजन साधारण ५८० ग्रॅम असते. म्हणजे भरलेले पोते काट्यावर साडेपन्नास किलोच्या थोडे वर भरायला हवे. बहुतेक शाळांत काटाच नसतो. टेम्पोवाला घाईत असतो, मुख्याध्यापक वर्गावर असतात आणि पोती मोजून ‘१२ पोती, ६०० किलो’ अशी पोच दिली जाते. प्रत्येक पोत्यात दीड किलो कमी निघाला तर १८ किलोंची तूट होते. ही तूट पोच देताना दिसत नाही. महिन्याअखेरीस कोठीत तांदूळ संपलेला आणि वहीत १८ किलो शिल्लक, अशा रूपात ती समोर येते.

मग ती भरून काढण्याचा एकच मार्ग मुख्याध्यापकांपुढे उरतो. १८ किलो म्हणजे प्राथमिकच्या १८० मुलांचे जेवण. महिन्याच्या २० दिवसांत रोज ९ मुले जास्त जेवली असे लिहिले की वही जुळते. पण त्या ९ मुलांची डाळ, तेल आणि भाजीपालाही मग लिहावा लागतो, त्याचे पैसेही मागावे लागतात. पुरवठ्यातली चोरी अशा रीतीने शाळेच्या हजेरीत येऊन बसते. पुढे लेखापरीक्षक आला तर वसुली निघते ती सही करणाऱ्या शिक्षकावर. पुरवठादाराची पोच मात्र स्वच्छ असते. (मुद्दाम हजेरी फुगवणाऱ्या शाळाही आहेत; त्यांची बाजू घेण्याचे कारण नाही.)

हे ओळखायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. आधी पोत्याची शिलाई पाहावी. मशीनची शिलाई उसवून हाताने सुतळी घातलेली असेल तर ते पोते वाटेत उघडले गेले आहे. रिकामी पोती मोजावीत: मागील शिल्लक अधिक आवक, वजा भरलेली पोती, इतकी रिकामी पोती हजर हवीत किंवा त्यांच्या विक्रीची नोंद तरी हवी. डाळीचा रोजचा खर्च पाहावा. १०४ मुले जेवली तर हिशेब बरोबर २.०८० किलो होतो, आणि वहीत वर्षभर असाच ग्रॅमपर्यंत अचूक आकडा दिसत असेल तर ती वही चुलीजवळ लिहिलेली नाही. स्वयंपाकी ताई डाळ मापाने घालतात. तिथे दोन-चार मुठी इकडेतिकडे होणारच.

सर्वांत बोलकी असते तारीख. नवरात्रात, श्रावणी सोमवारी, गावच्या आठवडी बाजाराला आणि यात्रेला जेवणाऱ्यांचा आकडा खाली यायला हवा. बीड-अहिल्यानगरच्या ऊसतोडीच्या गावांत दिवाळीच्या आसपास कुटुंबे कारखान्यांवर जातात, तेव्हा तर तो चांगलाच घसरायला हवा. ऑक्टोबर आणि जानेवारीत लाभार्थी सारखेच दिसले, तर परीक्षकाने त्याच पानावर थांबावे. आकडा खरा असू शकतो, कारण काही गावांत मुलांना आजी-आजोबांकडे ठेवतात. पण ते गावात विचारूनच कळेल. राज्यांनी कळवलेली जेवणाऱ्यांची संख्या प्रत्यक्ष तपासणीत आढळलेल्या संख्येपेक्षा सातत्याने जास्त असल्याचे ‘कॅग’ने, म्हणजे देशाच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी, २०१५ च्या ३६ क्रमांकाच्या अहवालात नोंदवले होते.

परीक्षणात जवळजवळ कधीच न पाहिली जाणारी आणखी एक गोष्ट म्हणजे आहार न शिजल्याचे दिवस. २०१५ च्या मध्यान्ह भोजन नियमांनुसार धान्य, पैसा, इंधन किंवा स्वयंपाकी नसल्यामुळे जेवण मिळाले नाही, तर मुलाला अन्नसुरक्षा भत्ता पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत द्यायचा असतो. सलग तीन शालेय दिवस किंवा महिन्यात पाच दिवस खंड पडला तर राज्याने जबाबदारी निश्चित करायची असते. म्हणून ‘शून्य’ लिहिणे कुणालाच परवडत नाही. तांदूळ संपला तरी शेजारच्या शाळेकडून उसना आणल्याचे दाखवले जाते. उसनवारीच्या नोंदी दोन्ही शाळांच्या वह्यांत समोरासमोर ठेवून तपासल्या, तर पुरवठ्यातला खंड लगेच उघड होईल.

शासनाकडे मागणी अशी आहे. प्रत्येक शाळेला १०० किलोंचा प्रमाणित वजनकाटा द्यावा, पोचपावतीवर पोत्यांच्या संख्येऐवजी प्रत्यक्ष वजन लिहावे आणि वाहतुकीचे देयक त्याच वजनावर निघावे. टेम्पो येण्याचा दिवस शाळा व्यवस्थापन समितीला आदल्या दिवशी कळवावा, म्हणजे दोन पालक तरी काट्याजवळ उभे राहतील. लेखापरीक्षकांनी जुन्या वर्षांचे दप्तर एकदम मागवण्याऐवजी त्याच तिमाहीत, न कळवता, जेवणाच्या सुट्टीच्या तासभर आधी शाळेत पोहोचावे. खाल्लेल्या खिचडीचे लेखापरीक्षण तीन वर्षांनी करून काही हाती लागत नाही.

सामाजिक अंकेक्षण, म्हणजे गावकऱ्यांच्या सहभागाने होणारी योजनेची तपासणी, सर्व जिल्ह्यांत बंधनकारक आहे. त्याचा अहवाल ग्रामसभेत वाचून दाखवावा आणि काढलेल्या त्रुटींवर पुरवठादार, तालुका कार्यालय व शाळा यांपैकी कुणाकडून किती वसूल झाले, हा तक्ता आहाराच्या फलकाशेजारीच लावावा.

आपले,
शालेय पोषण आहाराच्या हिशेबाशी संबंधित काही नागरिक