घाण्याचा बैल म्हणू नका

संपादक साहेब, नमस्कार.

परवा तुमच्या क्रीडा पानावर अमेरिकेतल्या ओव्हल रेसिंगबद्दल, म्हणजे लंबगोल ट्रॅकवरच्या मोटारींच्या शर्यतींबद्दल, दोनच ओळी आल्या होत्या, त्यातही "नुसतं डावीकडे वळत गोल गोल फिरायचं" असं लिहिलेलं वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. टीव्हीवर बघून मलाही आधी तसंच वाटायचं, घाण्याचा बैल फिरतो तसं काय ते फिरणं. मग आयोवात मुलाकडे गेले होते तेव्हा सूनबाई एका शनिवारी संध्याकाळी नॉक्सव्हिलला घेऊन गेली.

गाव जेमतेम साडेसात हजार वस्तीचं, आणि जत्रेच्या मैदानातच अर्ध्या मैलाचा काळ्या मातीचा ट्रॅक. तिथल्या स्प्रिंट कारला, म्हणजे मातीवर पळणाऱ्या छोट्या पण दांडग्या ताकदीच्या रेसच्या गाडीला, स्टार्टरच नसतो, मागून ट्रक ढकलतो, दोनचार धक्के बसतात आणि एकदम इंजिन असं कडाडतं की बसलेल्या बाकाला हादरे जाणवतात. मातीची ढेकळं उडत येतात, ड्रायव्हर हेल्मेटच्या काचेवरची प्लास्टिकची पापुद्री एकेक करून ओढून टाकतात, नाहीतर समोरचं काही दिसणारच नाही. आणि फक्त डावीकडे वळणं म्हणाल तर त्यासाठी मागचं उजवं टायर डाव्यापेक्षा मुद्दाम मोठं लावतात, म्हणजे गाडी आपणहून डावीकडे ओढते. सुरुवातीला माती ओली असते, टायर घट्ट धरतं, मग रात्र चढते तशी ती सुकून गुळगुळीत होते आणि ड्रायव्हरला रस्ता नव्याने शोधावा लागतो, कोणी आतून जातो, कोणी बाहेरच्या कडेला साचलेल्या मातीला टायर टेकवून. माझ्या शेजारी एक आजोबा वहीत पेन्सिलीने प्रत्येक रेसचे नंबर लिहीत होते, आणि पुढच्या फेरीत कोण वरची, म्हणजे बाहेरच्या कडेची लाइन घेणार ते आधीच सांगत होते. बहुतेक वेळा बरोबर!

हा खेळ मुळात असाच जत्रेतून आलाय. घोड्यांच्या शर्यतीसाठी मातीचे ओव्हल होतेच, त्यावरच मोटारी पळायला लागल्या. मिलवॉकीच्या मैलभर ट्रॅकवर तर १९०३ पासून. इंडियानापोलिसचा मोठा ट्रॅक १९०९ चा, पण खडी-डांबराचा तो थर उखडला, माणसं गेली, मग त्याच वर्षी ३२ लाख विटा बसवल्या. १९११ ला पहिली ५०० मैलांची रेस रे हॅरूनने ताशी सरासरी ७४.६ मैलांनी जिंकली. बाकीच्यांच्या शेजारी मागचं बघायला मेकॅनिक बसलेला, हा एकटा, आणि गाडीला आरसा लावलेला. आज त्या विटांचा एक यार्डाचा पट्टा तेवढा उघडा ठेवलाय.

पण सगळाच इतिहास कौतुकाचा नाही हेही लिहायला हवं. वेंडेल स्कॉट हा कृष्णवर्णीय ड्रायव्हर, स्वतःची गाडी स्वतःच दुरुस्त करणारा. १ डिसेंबर १९६३ ला जॅक्सनव्हिलच्या मातीच्या ट्रॅकवर तो जिंकला, पण विजेता म्हणून नाव दुसऱ्याचंच पुकारलं, ट्रॉफीही त्या दुसऱ्यालाच दिली, आणि लोक निघून गेल्यावर काही तासांनी चूक कबूल केली. स्कॉट १९९० मध्ये गेला आणि त्याच्या घरच्यांना त्या विजयाची ट्रॉफी मिळाली २०२१ ला!! हे वाचून मला रात्रभर कसंतरी होत होतं.

आता छोटे ट्रॅक एकेक करून जातायत. इलिनॉयमधला रॉकफर्ड १९४८ चा, तो २०२३ ला बंद पडला. उलट नॉर्थ कॅरोलिनातला नॉर्थ विल्क्सबोरो बघा, १९४७ चा ट्रॅक, १९९६ नंतर मोठ्या रेस गेल्या आणि पुढे नुसतं गवत माजलेलं, लोकांनी पाठपुरावा केला, राज्याने १ कोटी ८० लाख डॉलर दिले आणि २०२३ च्या मे महिन्यात नॅस्कार या तिथल्या मोठ्या मोटार रेसिंग संस्थेची ऑल स्टार रेस तिथे झाली. सरकार असा पैसा नुसत्या करमणुकीला देत नाही, त्या भागातल्या लोकांची ती ओळख आहे म्हणून दिला.

नॉक्सव्हिलची नॅशनल्स, म्हणजे स्प्रिंट कारची तिथली मोठी स्पर्धा, दर ऑगस्टला असते, १९६१ पासून. येत्या ऑगस्टला निकालाच्या जोडीला त्या ट्रॅकबद्दल आणि तिथे वर्षानुवर्षं येणाऱ्या लोकांबद्दल निदान अर्धा कॉलम द्याल का, एवढीच विनंती.

तुमची नियमित वाचक