एकट्याने खेळायच्या पत्त्यांविषयी

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

टॅब्लेटवर एकट्याने खेळता येतील असे पत्त्यांचे चांगले खेळ कोणते, असं आईने विचारलं होतं. फोनवर नुसती नावं सांगून उपयोग नाही, कारण एकेका नावाखाली शेकडो ॲप निघतात आणि त्यातली बरीचशी डोकं उठवणारी असतात. म्हणून सविस्तर लिहिते. टॅब्लेट शेजारी ठेवा आणि निवांत वाचा.

आधी माझं मत सांगते. एकट्याच्या खेळात समोर चिडवायला, चढाओढ करायला कोणी नसतं. मग मजा कशात? डाव अडल्यावर मागे जाऊन ‘इथे ही नव्वी हलवायला नको होती’ हे स्वतःला दाखवता येण्यात, असं मला वाटतं. ज्या खेळात हे जमतं तो पुन्हा पुन्हा खेळावासा वाटतो. ज्यात सगळा भार नशिबावर, त्याचा चार दिवसांत कंटाळा येतो. स्मरणशक्ती वाढते वगैरे जाहिरातीत सांगतात, त्यासाठी काही खेळू नका. आवडलं तर खेळा, नाहीतर सोडून द्या.

आई, तुझ्यासाठी फ्रीसेल. तुला सगळं डोळ्यांसमोर लागतं, आणि या खेळात बावन्नच्या बावन्न पानं पहिल्यापासून उघडी असतात. आठ उभ्या रांगा, चारांत सात-सात पानं, चारांत सहा-सहा. वर एका बाजूला चार रिकामी घरं, प्रत्येकात एकच पान ठेवता येतं. दुसऱ्या बाजूला चार जागा, तिथे बदाम, चौकट, इस्पिक, किलवर एक्क्यापासून राजापर्यंत चढत न्यायचे. रांगेत मात्र पानं उतरत्या क्रमाने आणि लाल-काळी आलटून पालटून लागतात: काळ्या दश्शीवर लाल नव्वी, तिच्यावर काळी अठ्ठी. नियम एवढेच.

हा खेळ पॉल अल्फिल यांनी 1978 मध्ये केला. ते तेव्हा इलिनॉय विद्यापीठात वैद्यकशास्त्र शिकत होते, आणि तिथल्या प्लेटो नावाच्या संगणकावर त्यांनी तो उतरवला. त्याआधी बेकर्स गेम नावाचा एक खेळ होता. त्यात बदामावर बदामच लावावा लागायचा, त्यामुळे हात फार बांधले जायचे. अल्फिल यांनी तिथे लाल-काळ्याची सवलत दिली, आणि एवढ्याशा बदलाने खेळ मोकळा झाला. पुढे मायक्रोसॉफ्टमधल्या जिम हॉर्न यांनी विंडोजसाठी फ्रीसेल लिहिला तेव्हा प्रत्येक डावाला क्रमांक दिला, 1 ते 32,000. लोकांनी हे सगळे डाव सोडवून पाहिले. त्यातला एकच, 11982 क्रमांकाचा, सुटत नाही. म्हणजे तुझ्यासमोर जो डाव येईल तो जवळजवळ नक्की सुटणारा असतो, वाट तेवढी शोधायची. मला हे फार आवडतं. अडलीस तर पानं वाईट आली होती अशी शंका घ्यायला जागाच राहत नाही, आणि म्हणून तोच डाव पुन्हा मांडावासा वाटतो.

खेळताना एक लक्षात ठेव. ती चार घरं म्हणजे नको असलेली पानं टाकायची जागा नव्हे, ती जितकी मोकळी तितकी तुझी ताकद. तीन घरं रिकामी असतील तर चार पानांची माळ एकदम उचलून दुसऱ्या रांगेवर नेता येते, एकच रिकामं असेल तर दोनच पानांची. एखादी अख्खी रांग रिकामी झाली की ही संख्या दुप्पट होते, तीन घरांवर चाराची आठ. म्हणून पहिलं पान हलवण्याआधी एक्के आणि दुर्र्या कुठे गाडल्या गेल्यात ते बघ, त्यांच्यावर सगळ्यात कमी पानं कुठे आहेत ते बघ, आणि ती रांग उपसायला घे. सुरुवातीला दोन घरं पटकन भरून टाकायचा मोह होईल. तो आवर.

बाबा, तुम्हाला फ्रीसेल कदाचित रुक्ष वाटेल, कारण त्यात पालथं पान उलटवण्याची उत्सुकता नाही. तुम्ही स्पायडर घ्या. दोन कॅट, 104 पानं, दहा रांगा. 54 पानं मांडलेली, प्रत्येक रांगेत शेवटचं तेवढं उघडं. उरलेली 50 पानं पाच वेळा दहा-दहा करून सगळ्या रांगांवर एकेक पडतात, आणि नेमकी तेव्हाच पडतात जेव्हा तुम्ही कष्टाने रांगा लावून ठेवलेल्या असतात! राजापासून एक्क्यापर्यंत एकाच चिन्हाची तेरा पानं सलग लागली की ती माळ उचलली जाते. अशा आठ माळा झाल्या की डाव सुटला.

सुरुवात एकाच चिन्हाच्या पातळीने करा, मग दोन चिन्हांवर जा. चार चिन्हांचा स्पायडर भल्याभल्यांना दमवतो, त्याची घाई नको. दोन चिन्हांपासून खरा खेळ सुरू होतो, कारण इस्पिकच्या सत्तीवर बदामाची छक्की ठेवता येते, पण मग ती दोन पानं एकत्र हलत नाहीत. आत्ताची सोय की पुढची मोकळीक, हे प्रत्येक चालीला ठरवावं लागतं. दोन्ही पर्याय असतील तर त्याच चिन्हाचं पान पसंत करा. ज्या रांगेत पालथी पानं कमी ती आधी मोकळी करा. आणि नवीन दहा पानं घेण्याआधी थांबून सगळ्या रांगा एकदा नीट बघा, एखादी चाल हमखास राहिलेली असते. बहुतेक ॲपमध्ये एखादी रांग रिकामी असताना नवीन पानं वाटताच येत नाहीत, तेव्हा ती रिकामी जागा आधी कामाला लावा.

ज्याला आपण नुसतं सॉलिटेअर किंवा पेशन्स म्हणतो त्याचं नाव क्लोंडाइक. सात रांगा, 28 पानं मांडलेली, 24 हातात. बाबा, तुम्ही ऑफिसच्या संगणकावर खेळायचात तो हाच. 1990 मध्ये विंडोज 3.0 बरोबर तो आला. वेस चेरी नावाच्या शिकाऊ कर्मचाऱ्याने तो लिहिला होता आणि पानांची चित्रं सुझन केअर यांनी काढली होती. माउसने वस्तू उचलून दुसरीकडे ठेवायची सवय लोकांना लागावी, हाही त्यामागचा एक हेतू होता.

क्लोंडाइकवर माझं प्रेम आहे, पण त्यातला एक भाग माहीत असलेला बरा. सगळी पालथी पानं आधीच दिसत असती तरीही शंभरातले साधारण 82 डावच सुटले असते, हा हातातली पानं तीन-तीन करून उघडण्याच्या नियमाचा हिशेब. पानं झाकलेली असताना माणूस त्याहून कितीतरी कमी डाव सोडवतो. म्हणजे अनेकदा तुम्ही अगदी बरोबर खेळूनही अडकता. त्याचं मनाला लावून घेऊ नका. बऱ्याच ॲपमध्ये फक्त सुटणारेच डाव द्या अशी सोय सेटिंगमध्ये असते, ती चालू करा. एकेक पान उघडण्याचा पर्याय सोपा आहे, तीन-तीनाचा जास्त रंगतो.

पिरॅमिड आणि ट्रायपीक्स हे हलके. पिरॅमिडमध्ये बेरीज तेरा होणाऱ्या जोड्या उचलायच्या, गुलाम अकरा, राणी बारा, राजा एकटाच जातो. ट्रायपीक्स 1989 मध्ये रॉबर्ट होग यांनी तयार केला. त्यात उघड्या पानाहून एकने मोठं किंवा एकने लहान असं पान लावत जायचं. फोनवर कोणाची वाट बघताना ठीक. पण एक सांगते: रंगीबेरंगी बागा, घरं, प्राणी दाखवणारी आणि ‘जीव संपले, थांबा किंवा पैसे भरा’ म्हणणारी जी ॲप दिसतात, त्यातली पुष्कळशी याच ट्रायपीक्सला नटवून केलेली असतात. बाबांच्या टॅब्लेटवर सध्या आहे तेही त्याच जातीचं दिसतं. ते काढून टाका.

बाबा, तुम्हाला चौघांच्या डावाची आठवण येते हे मला माहीत आहे. त्यासाठी हार्ट्स खेळा, उरलेले तिघे संगणकाचे. तेरा हात, हुकूम नाही, आणि इथे हात जिंकायचे नसून टाळायचे असतात. प्रत्येक बदामाचा एक गुण अंगावर येतो, इस्पिकच्या राणीचे तेरा. कोणाचे शंभर झाले की खेळ संपतो आणि ज्याचे सगळ्यात कमी तो जिंकतो. आणि तुमच्यासारख्या धाडसी माणसासाठी एक वाट ठेवलेली आहे. सगळे बदाम आणि ती राणी, सगळं तुम्हीच ओढलंत तर तुमचे शून्य आणि बाकी तिघांच्या माथी सव्वीस-सव्वीस. कुठली पानं पडून गेली ते लक्षात ठेवणाऱ्याला हा खेळ भरभरून देतो. संगणकाचे तिघे फार चलाख नसतात, पण डाव टाकायला उशीरही लावत नाहीत.

नव्या खेळांपैकी एकच सुचवते, बालाट्रो. 2024 च्या फेब्रुवारीत आला, लोकलथंक या टोपणनावाने एका माणसाने केलेला. त्यात पोकरमधल्या रचना असतात, जोडी, तीन सारखी, लागोपाठ पाच, एकाच चिन्हाची पाच, आणि त्यातून ठरलेले गुण गाठायचे. गंमत जोकरांची आहे. असे दीडशे जोकर आहेत आणि प्रत्येक जण एखादा नियम वाकवतो. कोणी जोडीचे गुण वाढवतो, कोणी बदामाला जास्त मोल देतो. कुठल्या जोकराशेजारी कुठला बसवला की गुण उसळतात, हे शोधण्यात तास कसे जातात कळत नाही. पोकरचं नाव ऐकून दचकू नका, यात पैसे लावायचे नाहीत. ॲप एकदाच विकत घ्यायचं. मात्र मजकूर बारीक आहे आणि मराठीत नाही. आईला तो झेपेल, आवडेल का ते सांगता येत नाही. मी घरी आले की माझ्या टॅब्लेटवर दाखवीन, मग ठरवा.

ज्या खेळात खरे पैसे लावायला सांगतात तिकडे फिरकू नका. सुरुवातीला फुकट मिळालेले गुण, बक्षिसाचे आमिष, काहीही असो. ते पत्ते वेगळे.

आता ॲप कसं निवडायचं. घेतलं की आधी विमानाचं चिन्ह दाबून इंटरनेट बंद करा आणि डाव सुरू होतो का बघा. होत असेल तर अर्धी परीक्षा पास. मग चाल मागे घेता येते का, कितीही वेळा, ते बघा. हे नसेल तर ते ॲप नको, कारण मागे जाऊन दुसरी वाट चालून बघणं हाच फ्रीसेल आणि स्पायडर शिकायचा मार्ग. मायक्रोसॉफ्टच्या सॉलिटेअर कलेक्शनमध्ये क्लोंडाइक, स्पायडर, फ्रीसेल, पिरॅमिड आणि ट्रायपीक्स पाचही आहेत, फुकट घेतलं तर जाहिराती येतात. घरच्या संगणकावर मी पायसॉलएफसी टाकून देते. त्यात हजाराहून जास्त खेळ आहेत, जाहिरात एकही नाही आणि पैसेही लागत नाहीत. दिसायला जुनाट आहे, पण मला तोच सगळ्यात आवडतो.

सेटिंगमध्ये मोठी पानं असा पर्याय शोधा. बाबा, पान ओढताना बोट सटकतं म्हणता ना, तर बहुतेक ॲपमध्ये पानावर नुसती टिचकी मारली की ते आपोआप योग्य जागी जातं. ओढायची गरज नाही. घड्याळ आणि गुण बंद करा, वेळ धावताना दिसला की उगाच घाई होते. काही ठिकाणी चार चिन्हांना चार वेगळे रंग देता येतात, चौकट निळी, किलवर हिरवा असं. चार चिन्हांच्या स्पायडरला ते डोळ्यांना फार बरं पडतं. फ्रीसेल आणि क्लोंडाइकला मात्र ते नको, तिथे लाल आणि काळं ओळखण्यावरच सगळं चालतं.

शेवटी एक बेत. फ्रीसेलच्या अनेक ॲपमध्ये जिम हॉर्न यांचेच क्रमांक चालतात, एकाच क्रमांकाला सगळीकडे तीच पानं. तर या रविवारी आपण तिघं 25000 क्रमांकाचा डाव मांडू, ज्याच्या त्याच्या टॅब्लेटवर. पहिल्या रांगेत वरून कुठली पानं आहेत ते आधी फोनवर जुळवून घेऊ, म्हणजे डाव एकच असल्याची खात्री होईल. संध्याकाळी बोलताना कोण कुठे अडलं ते सांगायचं. आई, तू बाबांना आधी काही सांगू नकोस. आणि बाबा, तिच्या खांद्यावरून बघायचं नाही.

तुमची,
लेक