पियानोवाल्या काकूंना

आदरणीय काकू,

सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचं नाही अशी तुमची तंबी आहे, म्हणून लिहीत नाही. पण कार्यक्रमपत्रिकेत मुलांची नावं आली, सरांचं आलं, साउंडवाल्याचंसुद्धा आलं. पियानोवर कोण, ते मात्र कुठेच नव्हतं. मला ते खटकलं. म्हणून हे आभार चारचौघांत.

व्हायोलिनच्या सरांनी लेकीला ऑस्कर रीडिंगचा बी मायनर कॉन्चेर्टो (एक वाद्य पुढे आणि ऑर्केस्ट्रा साथीला, अशी रचना), ओपस ३५, दिला तेव्हा आम्ही धास्तावलोच होतो. बुडापेस्टच्या ऑपेरात वर्षानुवर्षं व्हायोलिन वाजवून निवृत्त झालेल्या या गृहस्थाची ही रचना १९०९ सालची. अख्खी फर्स्ट पोझिशनमध्ये, म्हणजे डावा हात वर सरकवायला नको, तरी ऐकायला भारदस्त. आमचं घोडं अडलं ए शार्प या सुरापाशी. ए तारेवर पहिलं बोट पार मागे न्यायचं, आणि तिचं ते अर्ध्यातच थांबायचं. आम्ही सगळे 'बेसूर, बेसूर' म्हणत राहिलो. तुम्ही पेडल दाबून नुसता एफ शार्पचा कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर, ज्यांत ए शार्प असतोच) वाजवलात आणि म्हणालात, "यात बसव." तिने बोट हळूहळू मागे घेतलं, आणि कुठे थांबायचं ते तिचं तिलाच ऐकू आलं.

तोवर आम्ही मोबाइलवरच्या साथीवर सराव करायचो. ती साथ कुणासाठी थांबत नाही. पोर तिच्या मागे नुसती धावायची. शिवाय आमच्या घरी संस्कार पेटी-तबल्याचे. पेटीवाला गायकाच्या मागून येतो, एवढंच ठाऊक. इथे पियानो म्हणजे अख्खा ऑर्केस्ट्रा. व्हायोलिन गप्प असतं तेव्हा गाडं तोच पुढे नेतो. लेक तेवढ्यात खिडकीबाहेर बघत बसायची. बार, म्हणजे मात्रांचे गट, मोजायला सांगितले की कंटाळायची. तुम्ही तिला तुमच्या उजव्या हाताची धून गुणगुणायला लावलीत. आता पियानोचा भाग तिला माझ्या हाकेपेक्षा चांगला पाठ आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉलचा पियानो पावसाळी हवेने सुरात चढलेला. तो काही ऐनवेळी लावता येत नाही, म्हणून पडदा उघडायच्या आधी तुम्ही व्हायोलिनच त्याच्या ए-वर लावून घेतलंत. आणि मग पहिल्या मूव्हमेंटमध्ये, म्हणजे रचनेच्या पहिल्या भागात, पियानोच्या मधल्या तुकड्यानंतर, बाईसाहेब एक बार आधीच सुरू झाल्या! तुम्ही उरलेला बार गिळून टाकलात आणि डावा हात थेट तिच्या कॉर्डवर ठेवलात. मी पानं उलटायला शेजारी होते म्हणून कळलं. हॉलमध्ये कुणाला पत्ता नाही, लेकीलाही नाही. आता हे वाचून कळेल तर कळू दे.

मानधनाचं पाकीट घेतलंत, तेही बरं केलंत. साथ म्हणजे वरकड काम, असं समजणारे पालक कमी नाहीत आणि फुकट साथ मला घेववली नसती.

आता सर फ्रीड्रिश झाइट्सचा डी मेजर कॉन्चेर्टो, ओपस २२, म्हणताहेत. पियानोची प्रत आणलीय आणि या वेळी स्पायरल करून घेतलीय, म्हणजे तुमच्या स्टँडवरून पानं घसरायची नाहीत. गणपती झाले की एखाद्या शनिवारी येऊ का? संध्याकाळी चारनंतर कधीही चालेल.

तुमची,
पानं उलटणारी