विषय: गाडी सेल्फ घेत नव्हती, आणि तक्रार तुम्ही परस्पर बंद केलीत

ग्राहक सेवा व्यवस्थापक यांस,

आत्ताच तुमच्या हेल्पलाइनवरच्या मुलाने विचारलं, "मॅडम, गाडी चालू आहे ना? मग तक्रार कसली?" तक्रार हीच, की गाडी तुम्ही चालू केलेली नाही.

जूनपासून गाडी मधूनच सेल्फ घेईना. किल्ली फिरवली की एकच 'टक्', पुढे काही नाही. हेडलाइट लख्ख, सेल्फ मारतानाही मंद होत नाहीत. म्हणजे बॅटरी उतरलेली नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या चिपळूणच्या सर्व्हिस सेंटरने काय केलं? बॅटरी बदलली. ६,४०० रुपये. चौथ्या दिवशी पुन्हा 'टक्'. मग स्टार्टर बदलला, ११,८००. आठवड्यात पुन्हा 'टक्'. वॉरंटी संपली म्हणून दोन्ही बिलं माझ्याच माथी. मीटर लावलेला एकदाही पाहिला नाही. वर विचारणा, "पुरात होती का?" चिपळूणचा पूर जुलै २०२१चा, गाडी तुम्हीच मला २०२२च्या दसऱ्याला विकलीत.

तिसऱ्यांदा टो करून नेली तेव्हा तुमचे ॲडव्हायझर वडापाव खात होते. मी म्हटलं, अर्थिंग बघा, म्हणजे इंजिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतचा करंटचा परतीचा रस्ता. ते म्हणाले, "क्लच पूर्ण दाबता का?" दाबते. "नाही, लेडीजचा पाय कधीकधी पुरत नाही." माझी उंची पाच फूट सहा इंच आहे. एकोणीस वर्षं कुंभार्ली घाटातून गाडी चालवते. तेही सांगितलं. त्यांनी सावकाश हात पुसले, माझं जॉबकार्ड पालथं घातलं आणि म्हणाले, "घरात कोणी जेन्ट्स असतील तर फोन लावून द्या, जरा टेक्निकल आहे." दिला लावून. माझ्या मुलाला. तो चौदा वर्षांचा आहे. त्याला त्यांनी अदबीने समजावलं, की सोलेनॉइड स्पार्क देतो. देत नाही; तो स्टार्टरला करंट जोडणारा स्विच आहे.

तोवर दीड महिना मी गाडी उतार बघून लावत होते. बँकेपुढे, शाळेपुढे, मावसासूबाईंच्या तेराव्यालासुद्धा. दुसऱ्या गिअरमध्ये सोडायची आणि सुरू करायची.

शेवटी बाजारपेठेतल्या इलेक्ट्रिशियन दादांनी जम्पर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, दुसरं थेट इंजिनच्या ब्लॉकला. पहिल्या किल्लीला सुरू! मग जम्पर काढून मीटर: सेल्फ मारताना निगेटिव्ह ते ब्लॉक सात व्होल्ट. तिथे अर्धासुद्धा पडायला नको. गिअरबॉक्सपासून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी काढली, तर टोक कळकलेल्या पितळी भांड्यासारखं हिरवं. नवी पट्टी, घासकाम, मजुरी धरून ३५० रुपये. आज तेवीस दिवस झाले, एकदाही 'टक्' नाही.

म्हणजे बॅटरी चांगली होती. स्टार्टरही चांगला होता. जुना परत मागितला तर "स्क्रॅपमध्ये गेला". चांगला स्टार्टर स्क्रॅपमध्ये? कुणाच्या गाडीत फिरतोय कोण जाणे.

माझ्या वडिलांनी याच कोकणातल्या पावसात तुमचीच गाडी पंधरा वर्षं वापरली. त्यांच्यामुळे मी तुमच्या शोरूमची पायरी चढले. त्यांना हे अजून सांगितलेलं नाही.

१८,२०० रुपये पंधरा दिवसांत परत करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार आजच नोंदवते आहे. त्यानंतर रत्नागिरीचा जिल्हा ग्राहक आयोग. तिथे साक्षीला मुलाला आणीन. सोलेनॉइड त्याला आता नीट समजला आहे.