प्लेटलेटदाते हवेत : वार सांगून नाव नोंदवा

सप्रेम नमस्कार,

रक्ताचा कॅन्सर म्हणजे बोन मॅरोचा (हाडांच्या आतल्या, रक्त तयार करणाऱ्या मज्जेचा) आजार, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरच्या पेशी कधी मेंदूभोवतीच्या पाण्यात उतरतात, मुलग्यांच्या वृषणात दडून बसतात, हिरड्या सुजवतात, कातडीत गाठी करतात. मायलोमा या दुसऱ्या रक्ताच्या कॅन्सरची गाठ क्वचित यकृतातही निघते. ‘मॅरोबाहेर गेलाय’ हे ऐकून घरचे हाय खातात. उपचार अवघड होतात हे खरे, पण संपत नाहीत.

शिरेतून दिलेली बरीच औषधे मेंदूपर्यंत पुरेशी पोचत नाहीत. म्हणून पाठीत सुई घालून औषध थेट त्या पाण्यात सोडतात. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी, फार कमी असतील तर तिथेच रक्तस्रावाची भीती, म्हणून आधी प्लेटलेट चढवायच्या, मग सुई. हे एकदाच करून भागत नाही.

आमची ओढाताण इथेच होते. प्लेटलेट रक्तपेढीत साधारण 5 दिवस टिकतात, त्यामुळे वर्षातून एकदा शिबिर भरवून हा प्रश्न सुटत नाही. शिबिराला गर्दी जमते हो, आडवारी दुपारी एक माणूस मिळत नाही! यंत्रावर प्लेटलेट द्यायला दीड-दोन तास लागतात. उरलेले रक्त तुमच्याच अंगात परत जाते.

‘घरचे का देत नाहीत?’ असे हमखास विचारले जाते. पुढे बोन मॅरो प्रत्यारोपण करायचे असेल, तर सख्ख्या नातलगांचे रक्त चढवणे डॉक्टर टाळतात. नाहीतर रुग्णाचे शरीर नंतर त्याच नातलगाच्या पेशी नाकारू शकते. म्हणून नात्याबाहेरची माणसे हवीत.

प्रत्यारोपणासाठी सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. बाकीच्यांची आशा मूलपेशी (रक्त तयार करणाऱ्या पेशी) देणाऱ्यांच्या नोंदणीवर. नोंदणीला गालाच्या आतून बोळा फिरवला की झाले. पुढे बोलावणे आलेच, तर बहुतेकांच्या पेशी हाताच्या शिरेतूनच घेतात. मात्र घरी बोलून, पक्के ठरवूनच नाव द्या. पेशी चढवण्याआधी जबर औषधांनी रुग्णाची स्वतःची मज्जा नष्ट केलेली असते. त्या वेळी दाता मागे फिरला, तर रुग्णाच्या जिवावर बेतते. आज नाही म्हणालात तर आम्हाला वाईट वाटणार नाही.

नाव, रक्तगट आणि कोणत्या वारी येऊ शकाल ते आमच्या कार्यकर्त्यांना कळवा. रक्त देता येत नसेल आणि गाडी असेल, तर दात्यांची ने-आण करायलाही माणसे कमी पडताहेत.